इतक्या पहाऱ्यात हे घडतंच कसं? तुरुंगातल्या आत्महत्या आणि त्या रोखणारी व्यवस्था

तुरुंगात एखाद्या कैद्याने आत्महत्या केल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. उंच भिंती, कुलूपबंद कोठडी, दाराशी शिपाई, वर कॅमेरे. मग कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? लगेच दोन तर्क सुरू होतात. एक, 'हे घडवून आणलंय.' दुसरा, 'ज्याला मरायचंच आहे त्याला कोण अडवणार?' पहिल्याची शहानिशा त्या त्या प्रकरणातल्या पुराव्यावरून व्हायला हवी, त्यावर सरसकट बोलण्यात अर्थ नाही. दुसरा तर्क मात्र साफ चुकीचा आहे. तुरुंगातल्या आत्महत्या रोखता येतात. काही ठिकाणी त्या निम्म्याहूनही कमी झाल्या आहेत. आणि जिथे रोखल्या गेल्या नाहीत, तिथे व्यवस्था नेमकी कुठे उसवली होती हे चौकशांमधून तपशीलवार बाहेर आलेलं आहे.

उसवण्याची जागा बहुतेक वेळा तीच असते. माहिती असते, पण कोठडीची किल्ली ज्याच्या हातात आहे त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. आणि फेरी झालेली असते, पण फक्त वहीत.

## एका रात्रीचा हिशेब

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे जेफ्री एपस्टीन. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाच्या आरोपाखाली या धनाढ्य माणसाला ६ जुलै २०१९ रोजी अटक झाली आणि न्यूयॉर्कमधल्या केंद्र सरकारच्या तुरुंगात ठेवण्यात आलं. २३ जुलैला तो कोठडीत जखमी अवस्थेत सापडला. त्याला विशेष निगराणीखाली ठेवलं गेलं आणि ३० जुलैला पुन्हा त्याच्या विभागात परत पाठवलं. परत पाठवताना तिथल्या मानसोपचार विभागाने एक अट घातली: त्याच्या कोठडीत योग्य सोबती हवा, एकटं ठेवायचं नाही. ही अट ७०हून जास्त कर्मचाऱ्यांना ई-मेलने कळवली.

९ ऑगस्टला तो सोबती दुसरीकडे हलवला गेला. नवा कुणी दिला नाही. त्या रात्री साधारण पावणेअकरापासून सकाळी साडेसहापर्यंत त्या विभागात एकही फेरी झाली नाही. दर अर्ध्या तासाची फेरी आणि मध्यरात्रीनंतरच्या गिनत्या झाल्याच्या नोंदी मात्र कागदावर होत्या. ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांचं टेबल त्याच्या कोठडीपासून सुमारे १५ फुटांवर होतं. पुढे त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपपत्रानुसार ते इंटरनेट पाहत होते आणि काही काळ झोपल्यासारखे दिसत होते. कॅमेरे होते, बऱ्याच कॅमेऱ्यांचं चित्र पडद्यावर दिसतही होतं, पण २९ जुलैपासून यंत्रातल्या बिघाडामुळे ते साठवलं जात नव्हतं. १० ऑगस्टच्या सकाळी न्याहारी द्यायला गेल्यावर तो निपचित पडलेला सापडला; रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आलं.

अमेरिकेच्या न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी जून २०२३मध्ये या सगळ्याचा अहवाल दिला. बाकीचे कट-कारस्थानाचे तर्क बाजूला ठेवा. मला त्यात सर्वांत बोलका वाटतो तो ७०हून जास्त जणांना गेलेला ई-मेल. सगळ्यांना कळवलं, म्हणजे 'हे माझं काम' असं कुणालाच वाटलं नाही. 'सोबती गेला तर त्याच दिवशी दुसरा द्यायचा, आणि ते अमुक अधिकाऱ्याने पाहायचं' एवढं एक वाक्य त्यात असतं तर?

## मोजणं, फिरणं आणि नजर ठेवणं

बातम्यांमध्ये 'पहारा' म्हणतात त्यात तीन वेगळी कामं असतात. गिनती म्हणजे डोकी मोजणं. सगळे जागच्या जागी आहेत ना, कुणी पळालं नाही ना, एवढंच तिच्यातून कळतं. फेरी म्हणजे शिपायाने एकेका कोठडीसमोर थांबून आतल्या माणसाकडे पाहणं. आणि विशेष निगराणी म्हणजे ज्याच्या जिवाला त्याच्या स्वतःपासूनच धोका आहे, अशा एका कैद्यावर ठेवलेली नजर.

गिनती चोख असलेल्या तुरुंगातही माणूस दगावू शकतो. पांघरूण घेऊन पडलेला कैदी गिनतीत एक धरला जातो, तो जिवंत असो वा नसो. म्हणून हालचाल किंवा श्वास दिसल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही शिस्त लागते. ऐकायला सोपी वाटते. रात्री तीन वाजता, अपुऱ्या उजेडात, शंभर जणांची बराक मोजताना ती पाळणं सोपं नाही.

विशेष निगराणीचे साधारण दोन स्तर असतात. अमेरिकेत तुरुंगातल्या आरोग्यसेवेचे निकष ठरवणाऱ्या राष्ट्रीय आयोगाचा दंडक असा: धोका तीव्र असेल तर निगराणी अखंड, म्हणजे एक माणूस सतत समोर. धोका आहे पण तितका तीव्र नाही, तर जास्तीत जास्त १५ मिनिटांच्या अंतराने, आणि तेही अनियमितपणे. कधी सहा मिनिटांनी, कधी बारा. घड्याळ लावून फेरी मारली की पुढची फेरी कधी येणार हे आतल्याला कळतं, मग त्या फेरीचा उपयोग उरत नाही. यावरून तपासणाऱ्याला एक आयती खूणही मिळते. फेरीच्या वहीत १०.००, १०.१५, १०.३० अशा देखण्या वेळा ओळीने दिसल्या तर समजावं, बहुधा टेबलाशी बसून भरल्या आहेत.

आणि कॅमेरा? कॅमेऱ्याची मदत होते, पण एका पडद्यावर अनेक चौकटी आणि समोर दमलेला एक माणूस, ही प्रत्यक्षातली स्थिती. कॅमेऱ्याला कोपरे दिसत नाहीत, शौचालयात तो लावता येत नाही, चेहऱ्यावरचा बदल त्याला टिपता येत नाही. मुख्य म्हणजे तो दार उघडून आत धावू शकत नाही. अखंड निगराणीची जागा कॅमेऱ्याने घेऊ नये, यावर या क्षेत्रातल्या तज्ज्ञांचं एकमत आहे.

## सगळ्यात जोखमीचे दिवस कोणते?

सर्वसाधारण समज असा की जन्मठेप किंवा मोठी शिक्षा झालेला माणूस खचतो. तो धोका आहेच. पण अमेरिकेतल्या स्थानिक तुरुंगांत, जिथे नुकती अटक झालेले आणि खटल्याची वाट पाहणारे लोक असतात, २००५-०६ या दोन वर्षांतल्या ४६४ आत्महत्यांचा अभ्यास झाला. त्यातल्या जवळपास चौथा हिस्सा पहिल्या २४ तासांत घडलेल्या होत्या. आणखी चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त २ ते १४ दिवसांत. म्हणजे निम्म्या आत्महत्या पहिल्या पंधरवड्यात.

कारणं शोधायला फार खोल जावं लागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा अटक झालेली असते. दारू किंवा अमली पदार्थ एकाएकी बंद झाल्याने शरीर कासावीस असतं. घरी काय सांगितलं असेल, नोकरी राहील का, जामीन कधी होईल, यातलं काहीच माहीत नसतं. अब्रू गेल्याची भावना पहिल्या रात्री सर्वांत तीव्र असते, आणि नेमक्या त्याच रात्री तुरुंगातल्या कुणीही त्या माणसाला ओळखत नसतं.

म्हणून प्रवेशाच्या वेळची तपासणी महत्त्वाची. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१५मध्ये कैद्यांना वागवण्याचे किमान नियम नव्याने मंजूर केले, त्यांना नेल्सन मंडेला यांचं नाव दिलं आहे. त्यातला ३०वा नियम सांगतो की दाखल झालेल्या प्रत्येक कैद्याला वैद्यकीय व्यक्तीने शक्य तितक्या लवकर भेटावं आणि मानसिक ताणाच्या, आत्महत्येच्या धोक्याच्या खुणा तपासाव्यात. पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? आत्ता तसे विचार येतात का? मानसिक आजारावर औषधं चालू होती का? २०२१मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या संशोधनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात धोक्याशी सर्वांत घट्ट जोडलेल्या गोष्टींत हेच निघालं: आत्महत्येचे विचार, आधीचा प्रयत्न, मानसिक आजाराचं निदान. त्यांच्याच जोडीला कोठडीत एकटं असणं, आणि भेटीला कुणीही न येणं.

अडचण अशी की बहुतेक ठिकाणी ही तपासणी एकदाच होते. सकाळी ताप नव्हता म्हणून रात्रीही नसेल, असं कुठलीच आई धरून चालत नाही; हात लावून पुन्हा बघते. कैद्याच्या बाबतीत हा हात कधी लावायचा, हे बऱ्यापैकी आधीच ठरवता येतं. जामीन नाकारला त्या संध्याकाळी. शिक्षा सुनावली त्या दिवशी. पत्नीकडून घटस्फोटाची नोटीस आली, घरात मृत्यू झाला, ठरलेल्या मुलाकतीला कुणी आलं नाही, दुसऱ्या तुरुंगात बदली झाली, शिक्षा म्हणून वेगळ्या कोठडीत टाकलं. यातल्या प्रत्येक गोष्टीची तारीख कुठे ना कुठे लिहिलेली असते. न्यायालयातून परत आणणाऱ्या पोलिसाला माहीत असतं की गाडीत हा माणूस अवाक्षर बोलला नाही. मुलाकतीच्या खिडकीवरच्या शिपायाला माहीत असतं की आज भांडण झालं. रात्रपाळीला येणाऱ्याला यातलं काहीच सांगितलेलं नसतं.

टेक्सासमधल्या वॉलर काउंटीच्या तुरुंगात जुलै २०१५मध्ये सँड्रा ब्लँड यांचा मृत्यू झाला. वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून गाडी थांबवली, वाद झाला, अटक झाली. तिसऱ्या दिवशी त्या कोठडीत मृत सापडल्या. अधिकृत निष्कर्ष आत्महत्येचा होता, त्यावर पुढे मोठा वादंग झाला. दाखल करताना भरलेल्या एका फॉर्मवर त्यांनी पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केल्याची नोंद होती. त्याच वेळच्या दुसऱ्या नोंदीत त्याच प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं. दोन्ही कागद एकाच इमारतीत, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दर तासाला समोरासमोर पाहण्याचा नियमही पाळला गेला नव्हता, असा ठपका राज्याच्या तुरुंग आयोगाने ठेवला.

## धोका आहे ना, मग एकटं ठेवा?

वरवर पाहता हे सुरक्षित वाटतं. रिकामी कोठडी, काही सामान नाही, कुणी त्रास देणार नाही. प्रत्यक्षात घडतं उलटंच. न्यूयॉर्क शहरातल्या तुरुंगांच्या २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकांतवासाची शिक्षा झालेले कैदी दाखल झालेल्या एकूण कैद्यांच्या ७.३ टक्के होते, पण स्वतःला इजा करून घेण्याच्या ५३.३ टक्के घटना त्यांच्या होत्या. वय, मानसिक आजार वगैरे फरक विचारात घेतल्यावरही एकांतवास भोगलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे सातपट निघालं. मंडेला नियमांनुसार दिवसाचे २२ तास किंवा जास्त काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काशिवाय ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतवासाला बंदी आहे.

यात एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. बऱ्याच तुरुंगांत विशेष निगराणी प्रत्यक्षात शिक्षेसारखी वाटते. अंगावरचे कपडे काढून घेतात, जाडजूड झगा देतात, दिवा रात्रभर चालू, पुस्तक नाही, मुलाकत नाही, फोन नाही. एका कैद्याने 'मला जगावंसं वाटत नाही' असं सांगितलं आणि त्याची ही गत झालेली बाकीच्यांनी पाहिली, की पुढचा कुणी तोंड उघडेल का? निगराणीत जितकं सामान्य ठेवता येईल तितकं ठेवावं: धोक्याच्या वस्तू तेवढ्या काढाव्यात, माणसं आणि बोलणं तोडू नये. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत स्वस्त सुधारणा हीच आहे, आणि सुरक्षेच्या नावाखाली तीच सर्वांत आधी नाकारली जाते.

सोबती देणं चांगलं, पण तो पहारेकरी नव्हे. त्यालाही झोप येते, त्याचीही स्वतःची दुःखं असतात, आणि रात्री काही घडलं तर आयुष्यभराचा आघात त्याच्या वाट्याला येतो. सोबत्याच्या भरवशावर फेऱ्या कमी करायच्या नसतात.

## कैद्यानेच कैद्याचं ऐकायचं

१९९१मध्ये ब्रिटनमधल्या स्वॉन्झी तुरुंगात एक प्रयोग सुरू झाला. 'समॅरिटन्स' ही संकटातल्या लोकांचं ऐकून घेणारी स्वयंसेवी संस्था. तिने निवडक कैद्यांना प्रशिक्षण दिलं: सल्ला द्यायचा नाही, उपदेश करायचा नाही, ऐकायचं आणि गुप्तता पाळायची. रात्री एखाद्याला असह्य झालं तर तो अशा कैद्याशी बोलायची मागणी करू शकतो. ही पद्धत पुढे ब्रिटनमधल्या बहुतेक तुरुंगांत पसरली. गणवेशातल्या माणसाला जे सांगता येत नाही ते शेजारच्याला सांगता येतं, एवढी साधी तिची बैठक आहे.

तिथलीच दुसरी व्यवस्था म्हणजे धोक्यातल्या कैद्याची स्वतंत्र फाइल. चिंता वाटल्यास कुठलाही कर्मचारी ती उघडू शकतो, डॉक्टरची वाट पाहावी लागत नाही. २४ तासांच्या आत त्या कैद्याशी सविस्तर बोलून पहिली बैठक घ्यायची, तीही शक्यतो त्याला समोर बसवून. काय त्रास आहे, कोण काय करणार, कधीपर्यंत, हे त्यात लिहायचं. कैदी जिथे जाईल तिथे फाइल त्याच्याबरोबर जाते. एपस्टीनबद्दलच्या त्या ई-मेलमध्ये जे नव्हतं ते इथे कागदाच्या रचनेतच बसवलेलं आहे: कामापुढे नाव.

२०१८च्या सुमारास इंग्लंडमध्ये आणखी एक योजना आली. एका अधिकाऱ्याकडे साधारण सहा कैदी आणि प्रत्येकासाठी आठवड्याला सरासरी ४५ मिनिटं, निव्वळ बोलायला. कल्पना उत्तम. कर्मचारी कमी पडले की हीच ४५ मिनिटं सर्वांत आधी कापली जातात, हेही तिथल्या तपासणी अहवालांत पुन्हा पुन्हा आलं आहे.

## दमलेला शिपाई आणि भरलेली वही

खोट्या नोंदी करणाऱ्या कर्मचाऱ्याला निलंबित केलं की वरिष्ठांची सुटका होते. शिक्षा व्हायलाच हवी. पण सक्तीच्या जादा पाळ्या करून आलेला माणूस रात्रभर दर अर्ध्या तासाला उठेल, ही अपेक्षा कुणी आणि कशाच्या जोरावर केली, हे विचारायचं राहून जातं. एपस्टीन प्रकरणात त्या रात्री ड्युटीवर असलेले जादा पाळीवर होते. न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी २०२४मध्ये केंद्रीय तुरुंगांतल्या २०१४ ते २०२१ या आर्थिक वर्षांमधल्या ३४४ मृत्यूंचा आढावा घेतला. त्यात १८७ आत्महत्या होत्या. तीच दुखणी तिथेही निघाली: धोका ओळखण्यात चूक, फेऱ्यांत हयगय, एकट्याने ठेवणं. अशा प्रसंगी काय करायचं याची रंगीत तालीम घेतल्याचा पुरावा अनेक तुरुंगांना देता आला नाही.

ही तालीम कागदी सोपस्कार नाही. कैदी बेशुद्ध दिसला तर शिपायाने दार एकट्याने उघडायचं की मदतीला थांबायचं? किल्ली कुणाकडे? प्रथमोपचाराची पेटी कुठल्या कपाटात, कपाटाला कुलूप आहे का? रुग्णवाहिकेसाठी फाटक कोण उघडणार? काही मिनिटांवर सगळं अवलंबून असतं आणि ती मिनिटं याच प्रश्नांत जातात. आतला माणूस मेला आहे असं शिपायाने परस्पर ठरवायचं नसतं; डॉक्टर येईपर्यंत छातीवर दाब देत राहायचं.

नोंदी खऱ्या व्हाव्यात म्हणून यंत्रं निघाली आहेत. कोठडीजवळ बसवलेल्या छोट्या संवेदकाला शिपायाने हातातलं उपकरण लावायचं, की वेळ आपोआप नोंदवली जाते. टेक्सासने २०१७मध्ये सँड्रा ब्लँड यांच्याच नावाने कायदा केला, त्यात फेऱ्या खरोखर आणि वेळेवर होताहेत का हे पडताळण्यासाठी अशा संवेदकांची किंवा कॅमेऱ्यांची तरतूद आहे. शिपाई कोठडीपर्यंत गेला एवढं यंत्र सिद्ध करतं. त्याने आत पाहिलं का, हे करत नाही. म्हणून महिन्यातून कधीतरी वरिष्ठाने अवेळी येऊन स्वतः फेरी मारणं, आणि फेरीच्या नोंदी कॅमेऱ्याच्या चित्रणाशी ताडून पाहणं, याला अजून तरी पर्याय नाही.

कोठडीच्या रचनेबद्दल थोडंच सांगतो. ज्यांना धोका आहे त्यांच्यासाठी इजा करून घेता येणार नाही अशी, बाहेरून पूर्ण दिसणारी कोठडी असावी, आणि ती कर्मचाऱ्यांच्या जागेजवळ असावी. गल्लीच्या टोकाला नको. सगळा तुरुंग असा बांधणं परवडत नाही. काही कोठड्या परवडतात.

## भारतातले नियम काय सांगतात

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ आणि कैदी ५,७३,२२०. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्या वर्षी तुरुंगांत १५९ अनैसर्गिक मृत्यू झाले, त्यात ११९ आत्महत्या. तुरुंग सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. अमिताव रॉय समितीने २०१७ ते २०२१ या पाच वर्षांचा हिशेब मांडला: ८१७ अनैसर्गिक मृत्यू, त्यात ६६० आत्महत्या. मारामारी, खून, अपघात हे सगळं मिळूनही आत्महत्यांच्या जवळपास पोचत नाही.

इथे कोठड्यांपेक्षा बराकी जास्त, आणि त्या खच्चून भरलेल्या. गर्दीत कुणी एकटा पडत नाही असं वाटू शकतं. पण पन्नास जणांच्या जागेत ऐंशी झोपत असतील तर कोण गप्प झालाय, कोण जेवत नाहीये, हे शिपायाला दिसत नाही. ते दिसतं शेजारी झोपणाऱ्याला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०२३मध्ये राज्यांना दिलेल्या सूचनांत म्हणूनच निवडक कैद्यांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवण्याचा, अडचणीतल्या कैद्याला सोबती देण्याचा मुद्दा आहे. शिवाय बराक आणि शौचालयांची नियमित तपासणी, घरच्यांशी फोन, कर्मचाऱ्यांना मानसिक आरोग्याचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, आणि रिक्त पदं भरणं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं १०३वं कलम प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचार केंद्र असावं असं सांगतं. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी कायद्याने बंधनकारक आहे आणि मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं.

कागद वाईट नाहीत. मानसोपचारतज्ज्ञाचं पद मंजूर आहे आणि ते भरलेलंही आहे, असे तुरुंग किती, एवढा एकच रकाना प्रत्येक राज्याने दरवर्षी प्रसिद्ध केला तरी बरंच चित्र स्पष्ट होईल.

## काही नेहमीचे आक्षेप

'गुन्हेगारांसाठी एवढा खटाटोप कशाला?' न्यायालय शिक्षा देतं ती स्वातंत्र्य काढून घेण्याची, जीव घेण्याची नव्हे. दार बाहेरून बंद करणाऱ्यावर आतल्याच्या जिवाची जबाबदारी येते, कारण मदत शोधायला तो स्वतः जाऊ शकत नाही. कच्च्या कैद्यांचा तर गुन्हाच ठरलेला नसतो. हेही पटत नसेल तर पीडितांच्या बाजूने पाहा: एपस्टीन मेला आणि त्याच्यावरचा खटलाच संपला. ज्या मुलींना त्याला न्यायालयात उभं राहिलेलं पाहायचं होतं, त्यांच्या हातून ती संधी कायमची गेली.

'अर्धे तर नाटक करतात, बदली किंवा दवाखाना मिळावा म्हणून.' काही करतात. पण मागणी मान्य करून घेण्यासाठी स्वतःला इजा करणारा माणूसही त्यात दगावू शकतो, आणि आधीचा प्रयत्न ही धोक्याच्या सर्वांत ठळक खुणांपैकी एक आहे. खरं-खोटं ठरवणं हे शिपायाचं काम नाही. त्याने कळवावं, ठरवायचं ते प्रशिक्षित माणसाने.

'विचारलं तर उलट डोक्यात विचार यायचा.' हा गैरसमज तुरुंगाबाहेरही घट्ट आहे. थेट, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. (तुमच्या स्वतःच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही, मराठीतूनही बोलता येतं.)

'रोखता येतात म्हणता, पुरावा काय?' वर ४६४ आत्महत्यांच्या ज्या अमेरिकी अभ्यासाचा उल्लेख केला, त्याच्या वीस वर्षं आधी असाच अभ्यास झाला होता. स्थानिक तुरुंगांत तेव्हा दर लाख कैद्यांमागे १०७ आत्महत्या होत होत्या. २००६मध्ये हे प्रमाण ३८वर आलं. एकाच उपायाला याचं श्रेय देता येत नाही. पण दाखल करतानाची तपासणी, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि लेखी धोरण या गोष्टी तिथे याच दोन दशकांत रुजल्या. त्याच अभ्यासातला एक कटू आकडाही सांगायला हवा. मृतांपैकी ८ टक्केच त्या वेळी विशेष निगराणीखाली होते. म्हणजे बाकीच्यांचा धोका ओळखला गेला नव्हता किंवा ओळखून निगराणी उठवली गेली होती. आणि ३१ टक्के जण शेवटचं पाहिल्यानंतर तासाहून जास्त वेळाने सापडले.

## पुढची बातमी वाचताना

इंग्लंड आणि वेल्समध्ये तुरुंगातल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी तुरुंग खात्याबाहेरचा स्वतंत्र लोकपाल करतो आणि अहवाल प्रसिद्ध होतो, कुठला शिपाई किती वाजता काय म्हणाला इथपर्यंत. आपल्याकडे न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते, पण तिचं पुढे काय झालं हे सहसा बातमीत येत नाही. तरी बातमीतून, माहिती अधिकारातून किंवा कुटुंबाच्या वकिलामार्फत काही गोष्टी विचारता येतात. त्याला जिवंत शेवटचं कुणी आणि किती वाजता पाहिलं? ती वेळ वहीतली की चित्रणातली? दाखल करताना मानसिक स्थितीची तपासणी झाली होती का, आणि तो कागद बराकीच्या शिपायाने पाहिला होता का? आदल्या आठवड्यात न्यायालयात, मुलाकतीत किंवा घरी काय घडलं होतं? निगराणी लावली होती आणि उठवली असेल, तर कुणाच्या सहीने, त्याच्याशी बोलून की नुसत्या फाइलवर? त्या रात्री त्या विभागात किती कर्मचारी असायला हवे होते, किती होते, आणि त्यांची ती कितवी सलग पाळी होती?